वाऱ्याचा तक्ता आणि पाण्याचा हिशेब

चक्रीवादळाचा धडा आला की फळ्यावर वाऱ्याच्या वेगाचा तक्ता येतो : ताशी ६२ ते ८८ किलोमीटर म्हणजे चक्रीवादळ, ८९ पासून तीव्र चक्रीवादळ. तक्ता बिनचूक आहे. परंतु जव्हार-मोखाड्याच्या शाळेत तो पुरेसा आहे का?

या तक्त्यामुळे मुलांचे दोन गैरसमज होतात. वादळ हे किनाऱ्याचे संकट आहे, हा पहिला; वारा मंदावला की धोका टळला, हा दुसरा. जमिनीवर आलेल्या वादळाचा उबदार समुद्राशी संबंध तुटतो, म्हणून वारा ओसरतो. पण हवेतले बाष्प लगेच नाहीसे होत नाही. डोंगर ही हवा वर चढवतो, ती थंड होते आणि धो धो पाऊस कोसळतो.

सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील ॲशव्हिल या डोंगराळ शहराने हे अनुभवले. समुद्र शेकडो किलोमीटर दूर होता. 'हेलीन' तेथे पोहोचेपर्यंत वारा बराच उतरला होता. मात्र आधीच्या पावसाने जमीन भिजून तुडुंब झाली होती. नद्या फुगल्या, दरडी कोसळल्या. नॉर्थ कॅरोलायना राज्यात शंभराहून अधिक माणसे दगावली.

आपल्याकडे ऐन पावसाळ्यात अरबी समुद्रात चक्रीवादळे क्वचितच होतात, हे खरे. पण डोंगराला पावसासाठी वादळ लागतेच असे नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली, तेव्हा कोणतेही चक्रीवादळ आलेले नव्हते. जव्हार गाव पठारावर आहे; पिंजाळ आणि वैतरणेकडे धावणाऱ्या ओढ्यांकाठच्या पाड्यांना मात्र उंचीचे हे संरक्षण नाही.

म्हणून तक्त्यात दोन रकाने वाढवावेत : चोवीस तासांतला पाऊस आणि आधीच्या आठवड्याचा पाऊस. हवामान विभाग २०४.५ मिलिमीटर व त्याहून अधिक पावसाला अतिवृष्टीची सर्वांत वरची श्रेणी देतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. या हिशेबाने एका हेक्टरवर वीस लाख लिटरहून अधिक पाणी पडते. उतार तीव्र आणि माती भिजलेली असेल, तर त्यातले बहुतेक पाणी थेट ओढ्यात येईल.

सरळ बाजूंचा डबा आणि मोजपट्टी एवढ्यावर हे मोजता येते. ओढा ओलांडून शाळेत येणाऱ्या मुलाला वाऱ्याच्या श्रेणीपेक्षा ही नोंद अधिक उपयोगी पडेल.