महोगनीची गिटार घेताना ‘महोगनी’ हा शब्द जरा बाजूला ठेवा

मागच्या महिन्यात फेलोशिपची थकबाकी एकदम जमा झाली. उधारी फेडून, घरी थोडे पाठवून जे उरलं, त्यात आठ वर्षांपासून डोक्यात असलेली एक वस्तू बसत होती. बोटांनी वाजवायची, लहान अंगाची महोगनी गिटार. पदवीला असताना हॉस्टेलवर एका सिनियरकडे तशी होती. रात्री गच्चीवर तो वाजवायचा तेव्हा एकेक सूर सुटा आणि गोलसर ऐकू यायचा. ‘महोगनी आहे, म्हणून असा आवाज,’ असं तो म्हणायचा आणि मी ते मनावर कोरून घेतलं.

आता माझ्यासमोर दोन वापरलेल्या गिटारी होत्या. एक मार्टिनची ००-१५एम, म्हणजे पुढची फळी, पाठ, बाजू असं सगळं महोगनी. दुसरी एका छोट्या कारागिराने जुन्या गिब्सन एल-००च्या धर्तीवर बनवलेली. तिची पाठ आणि बाजू महोगनी, पण पुढची फळी स्प्रूसची. कंपनांवर पीएचडी करणाऱ्या माणसाने अशा वेळी काय करावं? मी जे सगळे करतात तेच केलं, परीक्षणं वाचत बसलो. ‘उबदार’, ‘मातीसारखा’, ‘कोरडा’, ‘लाकडाचा गंध असलेला’. दहा परीक्षणं वाचून झाल्यावर लक्षात आलं की एकानेही हे सांगितलेलं नाही की हे गुण कशामुळे आले, हे त्याला कसं कळलं.

तिथून आजची पोस्ट सुरू होते.

२०१८च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात एक पेपर आला. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाचे सॅम्युएले कार्कान्यो आणि ख्रिस्तोफर प्लॅक, सोबत केंब्रिजचे जिम वुडहाउस, पॅरिसच्या क्लाउदिया फ्रिट्झ आणि गिटार बनवणारे रॉजर बकनॉल. बकनॉल यांनी सहा गिटारी बनवल्या. आकार तोच, मान तीच, पुढची फळी सगळ्यांना सिटका स्प्रूसची. बदललं ते फक्त पाठीचं आणि बाजूंचं लाकूड: ब्राझिलियन रोजवुड, भारतीय रोजवुड, महोगनी, मेपल, सपेली आणि अक्रोड. मग ५२ गिटारवादकांना मंद उजेडात, डोळ्यांवर वेल्डरचा चष्मा चढवून त्या वाजवायला दिल्या.

निकाल सरळ आहे. आवाजाच्या दर्जाला दिलेल्या गुणांमध्ये लाकडानुसार म्हणण्यासारखा फरक नाही. महाग रोजवुड स्वस्त सपेलीच्या पुढे गेलं नाही. ‘ही पहिल्यासारखी की दुसरीसारखी?’ अशा ओळखण्याच्या चाचणीतही वादकांची तारांबळ उडाली.

हा पेपर मला आवडतो, पण त्याच्या नावावर जे खपवलं जातं ते आवडत नाही. ‘लाकडाने काही फरक पडत नाही, सिद्ध झालंय!’ असं लोक छातीठोक सांगतात. नाही झालेलं. सिद्ध झालं ते पाठीबद्दल, आणि तेही प्रत्येक लाकडाची एकच गिटार घेऊन. पुढची फळी सहाही गिटारींना स्प्रूसचीच होती, म्हणजे महोगनीच्या फळीबद्दल हा पेपर एक अक्षर बोलत नाही. आकारही एकच होता. तेव्हा माझ्या दोन गिटारींपुरतं त्यातून एवढंच निघतं: पाठ महोगनी आहे याचे जादा पैसे देऊ नका.

मग पुढच्या फळीचं काय? इथे फरक पडायला जागा आहे. तारेची कंपनं घोडीतून पुढच्या फळीत जातात आणि आपण ऐकतो त्यातला मोठा वाटा ती फळीच हवेत फेकते. सिटका स्प्रूसची घनता साधारण ४०० ते ४५० किलो प्रति घनमीटर, महोगनीची ५५०च्या आसपास. ताठरपणा मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. हलकी आणि ताठ फळी पटकन हलते, म्हणून स्प्रूसचा सूर उघडा आणि मोठा येतो. महोगनीची फळी जड, म्हणून आवाज थोडा आवरलेला. पण हेही पक्कं गणित नाही. कारागीर फळी किती पातळ करतो, आतल्या पट्ट्या किती तासतो, यावर हा हिशोब फिरू शकतो.

आता आकार. गिटारची पोकळी आणि पुढचं भोक मिळून बाटलीत फुंकर मारल्यासारखा एक सूर तयार होतो. मोठ्या गिटारमध्ये तो साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असतो. भोक तेवढंच ठेवून पोकळी लहान केली की तो सूर वर सरकतो. सहाव्या तारेचा मूळ सूर आहे ८२ हर्ट्झ. म्हणजे लहान गिटारमध्ये खर्जाच्या तारेला हवेचा आधार कमी मिळतो. झोडून कॉर्ड वाजवणाऱ्याला हे उणं वाटेल. पण बोटांनी वाजवताना अंगठा सतत खर्जावर ठेका धरतो आणि बाकीची बोटं वर धून वाजवतात. तिथे खर्ज घुमला नाही तर धून बुडत नाही. सुटे सूर, कोरडा खर्ज, ज्याला आपण ‘महोगनीचा आवाज’ म्हणतो त्यातला बराचसा भाग हा खरं तर लहान पोटाचा आवाज आहे.

मग दोघांची गल्लत का झाली? कारण ती दोन्ही बाजारात हातात हात घालून आली. मार्टिनने १९२२मध्ये २-१७ हे लहान, पूर्ण महोगनीचं, पोलादी तारांसाठीचं मॉडेल काढलं. ते त्यांच्या स्वस्त मालातलं होतं. लहान आकार, साधी सजावट, महोगनी, हे सगळं एकाच पुडीत. त्या पुडीतल्या गोष्टींपैकी श्रेय मिळालं फक्त लाकडाला, कारण नाव त्याचंच छापलेलं असतं. संशोधनात आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात की दोन कारणं कायम एकत्र फिरत असतील, तर त्यातल्या एकाला हार घालू नका.

बोटांच्या दृष्टीने आणखी दोन आकडे पाहा. तारेची लांबी: मार्टिनमध्ये २५.४ किंवा २४.९ इंच, गिब्सन धर्तीत २४.७५. तारा त्याच आणि सूर तोच असेल तर ताण लांबीच्या वर्गानुसार बदलतो. २५.४ वरून २४.७५ वर आलात की ताण सुमारे ५ टक्के कमी. दुसरा आकडा मानेच्या वरच्या टोकाची रुंदी: ००-१५एमची सुमारे ४३ मिलिमीटर, दुसरीची ४४.५. सहा तारांमधल्या पाच फटींत वाटलं तर फटीमागे ०.३ मिलिमीटर. हसू नका, शेजारच्या तारेला बोट लागून सूर मरतो तो एवढ्याशा जागेसाठीच. उजव्या हातासाठी घोडीजवळचं अंतरही मोजून घ्या.

मी घरी डोळ्यांवर टॉवेल बांधून चाचणी केली. सपशेल फसली, कारण मान हातात घेताच कुठली गिटार ते कळत होतं. मग मित्राला वाजवायला लावून मी भिंतीकडे तोंड करून बसलो. हलक्या बोटांनी वाजवल्यावर स्प्रूसचा सूर लवकर उठतोय असं वाटलं. पण कुठली गिटार ‘उबदार’, हे सांगायची वेळ आली की मी अंदाज ठोकत होतो.

शेवटी त्या सिनियरला फोन लावला. ‘दादा, तुमची ती महोगनी कुठल्या कंपनीची होती?’ तो हसायलाच लागला. ‘अरे, प्लाय होती ती. वरून महोगनीचा पापुद्रा. आणि तारा दोन वर्षं बदलल्या नव्हत्या.’ जुन्या, घामटलेल्या तारांमधले वरचे स्वर मरतात आणि आवाज गोलसर होतो. माझी आठ वर्षांची ऊब म्हणजे लहान पोट, मेलेल्या तारा आणि गच्चीवरची रात्र.

एक गोष्ट मात्र परीक्षणांत हवी होती. मोठ्या पानाची महोगनी २००३पासून साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. भारतीय रोजवुड म्हणजे आपल्या सह्याद्रीतली शिसव, तिच्या व्यापारावरही बंधनं आहेत. कानाला न कळणाऱ्या फरकासाठी जंगल तोडायचं का, हा प्रश्न गिटार विकत घेणाऱ्याचाही आहे.

मी एल-०० धर्तीची घेतली. लाकडासाठी नाही. थिसिस टाइप करून आखडलेल्या डाव्या मनगटाला तिच्यावर अर्धा तास बसवतं, दुसरीवर दहा मिनिटांत कळ येत होती. तुमचा हात वेगळा असेल, तुमचं उत्तरही वेगळं येईल. दुकानात जाल तेव्हा पाटीवरचं लाकडाचं नाव सगळ्यात शेवटी वाचा. आधी अर्धा तास वाजवा, आणि दोन्हींवर तारा सारख्याच जुन्या आहेत ना, ते बघा.