खेळातला आनंद: वय, लिंग आणि फुरसत

पुरुषांना झुंज आवडते, बायकांना कोडी. डिजिटल खेळांविषयी हा समज पक्का रुजला आहे. लिंगाबरोबर वयाचाही विचार केला, की तो डळमळू लागतो.

१९८० साली जपानमध्ये ‘पॅक-मॅन’ आला. व्हिडिओ गेमची दालने तेव्हा पुरुषांचे अड्डे होती. तिथे मुलींनीही यावे म्हणून आपण खाण्याची कल्पना निवडली, असे रचनाकार तोरू इवातानी यांनी सांगितले आहे. हेतू चांगला, पण बायकांना अमुकच आवडणार, हे गृहीतक त्यातही आहे. प्रत्यक्षात तो खेळ सगळ्यांनीच उचलून धरला.

निक यी यांच्या ‘क्वांटिक फाउंड्री’ने २०१६ साली मोठ्या पाहणीवरून मांडलेला निष्कर्ष इथे महत्त्वाचा आहे. स्पर्धेची ओढ तरुण मुलांत मुलींपेक्षा बरीच अधिक दिसते; पण वाढत्या वयाबरोबर ती ओसरते आणि पंचेचाळिशीच्या सुमारास दोघांतले अंतर मिटते. ज्याला आपण पुरुषी स्वभाव म्हणतो, तो बऱ्याच अंशी तरुणपणाचा असतो.

या पाहणीला मर्यादा आहेत. वयाचा परिणाम कोणता आणि पिढीचा कोणता, हे तिच्यातून वेगळे काढता येत नाही. शिवाय उत्तरे देणारे स्वतःहून आलेले खेळाडू. दुपारची कामे आटोपून ‘कँडी क्रश’ खेळणारी आणि विचारल्यावर ‘छे, मी कुठे गेम खेळते!’ म्हणणारी बाई तिथे पोचणार कशी?

तिचा हा नकार आपल्या मूल्यमापनातून आला आहे. ‘कॅज्युअल’ म्हणून बाजूला काढलेले खेळ बहुधा तुटक वेळेत खेळता येतात: कुकरची शिट्टी होईपर्यंत एक डाव, हाक आली की फोन खाली. ‘पब्जी’ची फेरी शेवटपर्यंत टिकलात तर साधारण अर्धा तास मागते, तोही सलग. असा अर्धा तास घरात कोणाला मिळतो, हा प्रश्न आवडीचा नाही, कामाच्या वाटपाचा आहे. फोन कोणाच्या मालकीचा, हाही त्यातच आला.

नवी मुंबईत घडलेला ‘लूडो किंग’ २०२०च्या टाळेबंदीत घरोघरी पोचला. आजी आणि नातू एकाच पटावर आले. नातवाची सोंगटी मारताना आजीच्या चेहऱ्यावर जे उमटे, त्याला स्पर्धेखेरीज दुसरे नाव नाही. आवडीनिवडीचे तक्ते मांडण्यापूर्वी समीक्षेने आधी तिच्या हाती फोन किती वेळ असतो, ते विचारावे.