शिक्षा झाली, पण ज्याला छळलं त्याचं काय?

इथे कोपरीत बसलेल्या बऱ्याच जणांची मुलं कॉलेजात असतील. महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगबंदीचा कायदा एकदा वाचाच, छोटासा आहे. २ वर्षांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड. दोषी ठरला की कॉलेजातून काढायचं, ५ वर्षं दुसरीकडेही प्रवेश नाही. तक्रार आली की संस्थाप्रमुखाने ७ दिवसांत चौकशी करायची. हे सगळं कुणाबद्दल आहे? ज्याने छळलं त्याच्याबद्दल. ज्याला छळलं तो तक्रार देतो आणि कायद्यातून जवळजवळ बाहेरच पडतो. तुला काय हवंय, हे त्याला विचारायला कुणीही बांधील नाही.

पुनर्स्थापक न्याय नेमका याच प्रश्नापासून सुरू होतो. नुकसान कुणाचं झालं, ते भरून कुणी द्यायचं? मला हा विचार पटतो. पण ‘बसून मिटवू’ म्हणजे हा न्याय नव्हे, बरं का. २००७ ची तंटामुक्त गाव मोहीम आठवा. गावांना गुण मिळायचे, बक्षिसं मिळायची, आणि मिटवलेले तंटे त्या गुणांत धरले जायचे. मग मिटवायची घाई कुणाला असणार? कॉलेजलाही नाव जपायचं असतंच की. म्हणून समोरासमोर बसायचं की नाही, हे छळ सोसलेल्यानेच आधी ठरवायचं. तो ‘नको’ म्हणाला, तर कायद्यात लिहिलंय तसं प्रकरण पोलिसांकडे द्यायचं. प्राचार्यांच्या केबिनमध्ये चहा नाही.