हाडात जिरणारे सिमेंट

मोडलेले हाड स्वतःच सांधून घेते, ही निसर्गाची व्यवस्था आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की जेथे ती अपुरी पडते, म्हणजे अर्बुद काढून टाकल्यावर उरलेल्या पोकळीत, अपघातात चुरा झालेल्या सांध्यापाशी किंवा वार्धक्याने विरळ झालेल्या मणक्यात, तेथे शल्यवैद्यापुढे केवढा बिकट प्रश्न उभा राहतो याची कल्पना आपणांस सहसा येत नाही. रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा काढून तो पोकळीत बसविणे हा उपाय अद्यापही सर्वांत विश्वासार्ह गणला जातो. परंतु त्यासाठी निरोगी जागी दुसरी जखम करावी लागते, तिचे दुखणे कित्येकदा दीर्घकाळ मागे लागते, आणि असे हाड हवे तेवढे मिळतही नाही. म्हणून भुकटीत द्रव कालवून केलेला लगदा पोकळीत भरावा, तो तेथेच घट्ट व्हावा, आणि नवे हाड जसजसे वाढेल तसतशी त्याने आपली जागा रिकामी करावी, अशी आकांक्षा शल्यशास्त्राने शंभराहून अधिक वर्षे बाळगली आहे. या आकांक्षेचा पूर्वार्ध बव्हंशी सिद्धीस गेला आहे. उत्तरार्ध मात्र अजून हाती आलेला नाही, आणि संशोधनाचे बळ अद्याप पूर्वार्धावरच अधिक खर्ची पडते, अशी माझी तक्रार आहे.

जर्मन शल्यवैद्य ड्रेसमान यांनी १८९२ साली हाडातील पोकळ्या प्लास्टर ऑफ पॅरिसने भरल्याचा दाखला आहे. हे द्रव्य शरीरास सहज मानवते; पण काही आठवड्यांतच ते विरघळून जाते, आणि तेवढ्या मुदतीत मोठी पोकळी भरून काढणे हाडाला शक्य नसते. तरीही जंतुदूषित हाडात प्रतिजैविक मिसळलेल्या प्लास्टरच्या गोळ्या ठेवल्यास त्या काढण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागत नाही, हा त्याचा गुण आजही उपयोगी पडतो. पुढे १९६० च्या सुमारास इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी कृत्रिम खुब्याचा धातूचा दांडा अॅक्रिलिक सिमेंटने मांडीच्या हाडात पक्का बसविण्याची पद्धत रूढ केली. ते सिमेंट घट्ट होताना तापते आणि शरीरात कधीच जिरत नाही. खुब्यासाठी हे टिकाऊपण इष्टच, परंतु तरुणाच्या हाडातील पोकळीत तो जन्मभराचा परका रहिवासी ठरतो.

खरा पालट घडला तो १९८० नंतर, ब्राउन आणि चाऊ या अमेरिकी रसायनज्ञांच्या कामाने. दंतवैद्यकाच्या संशोधनात गुंतलेल्या या दोघांनी असे दाखविले की कॅल्शियम फॉस्फेटचे दोन क्षार, एक अल्कधर्मी व एक आम्लधर्मी, पाण्यात कालविले असता ते विरघळतात आणि त्याच पाण्यातून हायड्रॉक्सीअॅपेटाइटचे सूक्ष्म स्फटिक बाहेर पडून एकमेकांत गुंततात. हे सारे शरीराच्या उष्णतेत, जाणवण्याजोगा ताप निर्माण न करता घडते, आणि तयार होणारे खनिज हाडातील खनिजाचेच सगोत्र असते. अशा सिमेंटास १९९६ साली अमेरिकेत कवटीतील दोष भरण्यासाठी परवानगी मिळाली. तत्पूर्वी १९९५ साली कॉन्स्टँट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्बोनेटयुक्त प्रकार प्रसिद्ध केला. तो काही मिनिटांत आळतो आणि सुमारे बारा तासांत ५५ मेगापास्कल इतका दाब सोसू लागतो.

परंतु येथेच अडचणीचे मूळ आहे. शरीराच्या द्रवांत कॅल्शियम फॉस्फेटांपैकी सर्वांत कमी विरघळणारे जे खनिज, तेच आपण सिमेंटाचे अंतिम रूप म्हणून स्वीकारले. शिवाय त्यातील छिद्रे इतकी बारीक की त्यांतून पेशी वा रक्तवाहिनी आत शिरू शकत नाही. परिणामी अस्थिभक्षक पेशी केवळ पृष्ठभागावरून थर-थर कुरतडत राहतात आणि मोठा गोळा वर्षानुवर्षे तसाच राहतो. यावर तोड म्हणून १९८९ साली ब्रुशाइट हे अधिक विरघळणारे खनिज देणारे आम्लधर्मी सिमेंट पुढे आले. ते फार झटपट आळते, म्हणून सायट्रेटसारखी मंदक द्रव्ये घालावी लागतात, आणि शरीरात त्याचा काही अंश पुन्हा अॅपेटाइट बनून तेथेच ठाण मांडतो. दुसरी तजवीज अशी की लगद्यात जिरणाऱ्या बहुवारिकाचे सूक्ष्म गोळे मिसळावे, ते विरले म्हणजे हाडाच्या पेशींना प्रवेशास वाव मिळतो. मला हीच दिशा अधिक आशादायक वाटते, कारण तिच्यात विघटनाची मुदत रसायनावर न सोपविता रचनेवर सोपविलेली आहे. मात्र हे बहुवारिक विघटताना आम्ल सोडते, याचा हिशेब ठेवावा लागतो.

या क्षेत्रातील निबंधांत दाबसामर्थ्याचे आकडे ज्या ठळकपणे मांडले जातात तेवढे महत्त्व मी त्यांना देत नाही. सांध्यालगतच्या जाळीदार हाडाचे सामर्थ्य पाच-दहा मेगापास्कलच्या घरात असते, आणि त्याहून कितीतरी अधिक सामर्थ्य या सिमेंटांनी केव्हाच गाठले आहे. ती ठिसूळ असल्यामुळे वाकण्यात व पिळवटण्यात मोडतात, आणि तो भार धातूच्या पट्टीस व स्क्रूंसच वाहावा लागतो. कमान बांधताना खालचा लाकडी साचा किती जड आहे यापेक्षा तो केव्हा काढायचा हे गवंड्यास अधिक जपावे लागते. येथेही विघटनाचा वेग आणि नव्या हाडाच्या वाढीचा वेग यांची जुळणी हाच निर्णायक प्रश्न आहे. हाडाच्या वाढीचा वेग सशाच्या मांडीत एक, तरुणाच्या घोट्यात दुसरा आणि रजोनिवृत्तीनंतरच्या मणक्यात तिसरा असतो. म्हणून सर्व जागांसाठी एकच सिमेंट शोधण्याचा हव्यास सोडून जागा, वय आणि व्याधी यांनुसार निरनिराळी सिमेंटे सिद्ध केली पाहिजेत. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने कॅल्शियम फॉस्फेटचे सिमेंट विकसित केले आहे. अशा संस्थांनी हे काम अंगावर घ्यावे असे मनापासून वाटते.

मणक्याच्या बाबतीत मात्र घाई जिवावर बेतते. लगदा सुईने दाबताना त्यातील पाणी पुढे निसटते आणि भुकटी मागे अडकते. आणि लगदा रक्तात फुटला तर त्याचे कण शिरांतून फुप्फुसांकडे जाऊन रक्त गोठवू शकतात. अमेरिकेत एका कंपनीने या शतकाच्या आरंभी परवानगीवाचून असे सिमेंट मणक्यांत भरवून पाहिले. तीन रुग्ण शस्त्रक्रियेच्या मेजावरच दगावले. मृत्यूचे कारण निर्विवादपणे सिद्ध झाले नाही, तरी कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि तिच्या अधिकाऱ्यांना तुरुंगवास झाला. दबलेल्या मणक्यात आजही बहुधा न जिरणारे अॅक्रिलिकच भरले जाते, आणि रक्तात न फुटता सुईतून अखंड जाणारा, पुढे मणक्याच्या हाडाच्या मंद वाढीस जागा देत जिरणारा लगदा अजून घडायचा आहे.