दोन कॉर्ड आणि एक अखंड सूर

'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' या बँडचं 'हेरॉइन' ऐकताना कान व्हायोलाकडे ठेवावा. सात मिनिटांच्या या गाण्यात कॉर्ड दोनच. लू रीडची गिटार त्या दोहोंत येरझारा घालते, लय चढते, ओसरते, पुन्हा चढते. जॉन केलचा व्हायोला मात्र एक सूर धरून बसतो. त्याला गिटारच्या तारा चढवलेल्या, म्हणून नादात गोडव्याऐवजी खरखर. लय वाढते तसा तो सूर फाटत जातो आणि शेवटी नुसती किंकाळी उरते.

हे धारिष्ट केलनं न्यूयॉर्कमध्येच, संगीतकार ला माँट यंगच्या संगतीत कमावलं. तिथं एकेक सूर बराच वेळ लावून धरायचा रियाज चाले. यंगला तानपुऱ्याची ओढ लागली ती अली अकबर खाँची ध्वनिमुद्रिका ऐकून. पुढे तो किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला. मराठी कानाला हा सूर म्हणूनच परका वाटू नये. फरक एवढाच, की तानपुरा गाणाऱ्याला आधार देतो. केलचा व्हायोला गाणाऱ्याच्या अंगावर येतो.

आणि मॉरीन टकर! बास ड्रम आडवा टाकून ती उभ्यानं मॅलेटनं वाजवायची, झांजांना जवळपास फाटाच. 'हेरॉइन'मध्ये पाच मिनिटांनंतर ड्रम अचानक थांबतात. त्या कल्लोळात तिला बाकीच्यांचं काही ऐकूच येईना. ते वाजवत राहिले, आणि १९६७च्या पहिल्या अल्बमवर ती पोकळी तशीच राहिली. संपूर्ण गाण्यात इतका खरा क्षण दुसरा नाही.

अँडी वॉरहॉलचं केळं मुखपृष्ठावर असूनही तो अल्बम फारसा खपला नाही. १९६८मध्ये सतरा मिनिटांचं 'सिस्टर रे' आलं, त्याच वर्षी केल बाहेर पडला आणि १९७०च्या ऑगस्टमध्ये रीडही गेला. त्यांची गाणी प्रागमध्ये वाजवणाऱ्या 'प्लॅस्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स'ला १९७६मध्ये अटक झाली, आणि त्या खटल्याच्या निषेधातून 'चार्टर ७७' ही मानवी हक्कांची चळवळ उभी राहिली.

मला हा बँड थोर वाटतो तो त्याच्या काटकसरीमुळे. गोंगाटावर भाळलेले रसिक १९६९च्या तिसऱ्या अल्बमवर अन्याय करतात. केल नाही, व्हायोला नाही, आवाज खाली आलेला. तरी 'पेल ब्लू आइज'मध्ये एकही स्वर जास्तीचा सापडत नाही. ओळख करून घ्यायची असेल, तर त्या गाण्यापासून सुरुवात करा, आणि 'हेरॉइन' त्यानंतर ऐका.