नळीवरचा राघू

राघू धरायची एक जुनी युक्ती आहे. दोरी ताणून बांधायची आणि तिच्यात एक पोकळ नळी ओवून ठेवायची. राघू येतो, नळीवर बसतो, आणि त्याच्याच वजनाने नळी गर्रकन फिरते. क्षणात तो उलटा लोंबकळू लागतो. डोकं खाली, जमीन दूर. पडण्याचं भय वाटतं, म्हणून तो नळी आणखी घट्ट आवळतो. पंख शाबूत आहेत, पायांत फास नाही, चहूकडे आभाळ मोकळं आहे. पारधी सावकाश येतो आणि फळ तोडावं तसा त्याला काढून घेतो.

मराठी वाचकाला हा राघू ठाऊक असतो तो ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातून. कबीराच्या बीजकात तो एका पदाच्या अगदी शेवटी येतो. त्या पदाची टेक उभी आहे 'अपनपौ' या शब्दावर. आपलं आपणपण आपणच विसरलो, एवढंच ती सांगते. ज्ञानदेवांचा 'आपणपें' हा लाडका शब्द आणि कबीराचा 'अपनपौ' एकमेकांच्या इतके जवळ आहेत की हे पद मराठी कानाला परकं वाटतच नाही. थोड्या फरकाने ते सूरदासांच्या नावावरही गायलं जातं. मला मात्र ते वाचायचं आहे बऱ्हाणपूरच्या बाजूने, कारण तिथे या पदाला सबंध एक तत्त्वज्ञान भेटलं.

बऱ्हाणपूर आपल्याला माहीत असतं ते वेगळ्या कारणांनी. तापीचा काठ, फारुकी सुलतानांची राजधानी, मोगलांचं दख्खनचं दार, भुसावळहून खंडव्याकडे जाणारी गाडी, जरीचं काम, आणि आज यंत्रमागांचा दिवसरात्र चालणारा खडखडाट. गावाचं नावच सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्यावरून पडलेलं, आणि त्यांची कबर आहे आपल्या खुलताबादला. याच गावात नागझिरीला कबीर निर्णय मंदिर आहे. तिथल्या पूरणसाहेबांनी 1837 मध्ये सबंध बीजकावर टीका लिहिली आणि तिला नाव दिलं 'त्रिज्या'. 'निर्णयसार' हा ग्रंथही त्यांचाच. कबीरपंथातल्या ज्या धारेला पारख सिद्धांत म्हणतात, तिचं हे मोठं पीठ.

मंदिराच्या नावात 'निर्णय' आहे, याचं मला पहिल्यापासून अप्रूप वाटत आलं. देवळाच्या नावात देव असतो, संत असतो, फार तर गाव असतं. इथे मनाने करायची एक क्रिया आहे. टीकेचं नावही तसंच. मराठी शाळेत भूमिती शिकलेल्या माणसाला त्रिज्या म्हटलं की परिघावरून मध्याशी जाणारी सरळ रेघ आठवते, आणि मी तो शब्द तसाच वाचतो. परिघावर आपण कुठेही उभे असू, मध्याचं अंतर तेवढंच. आणि 'बीजक' तर व्यापारी शब्द. मालाची यादी आणि किंमत लिहिलेला कागद म्हणजे बीजक. पुरलेलं धन कुठे आहे ते सांगणारा कागद म्हणजेही बीजक. बीजक, पारख, निर्णय: पेढीवरचे शब्द अध्यात्माला वापरणाऱ्यांची ही परंपरा आहे, आणि तिच्या स्वभावाचा कोरडा, खणखणीत आवाज त्या शब्दांतूनच ऐकू येतो.

आपल्या पिढीला कबीर मिळाला तो बहुतेक कुमार गंधर्वांच्या गळ्यातून. देवासच्या त्या घरातून आलेली निर्गुणी भजनं म्हणजे सूक्ष्म नाद, शून्य शिखर, आत उजळणारा प्रकाश. ती ऐकताना डोळे आपोआप मिटतात. बऱ्हाणपूरचा कबीर डोळे उघडायला सांगतो. तो नादालाही थांबवून विचारतो: तू ऐकू येतोस हे खरं, पण ऐकणारा कोण? प्रकाश दिसला, ठीक. ज्याला दिसला तो कुठे होता? ही विचारणा मनाशी धरून पदाकडे यावं.

पदात पाच प्राणी आहेत. आरशांच्या महालात शिरलेला कुत्रा स्वतःच्याच शंभर प्रतिमांवर भुंकत मरतो. विहिरीत डोकावणारा सिंह पाण्यातल्या सिंहावर झेप घेतो. स्फटिकाच्या शिळेत दुसरा हत्ती दिसला म्हणून हत्ती आपले सुळे तिच्यावर आपटतो. सुरईत हात घातलेलं माकड खाऊची मूठ सोडत नाही आणि मग दारोदार फिरत राहतं. शेवटी नळीवरचा राघू, आणि त्याला विचारलेला एक प्रश्न.

वरवर पाहता ही दृष्टांतांची माळ आहे आणि कीर्तनकार ती भराभर ओढून पुढे जातात. थांबून पाहिलं की कवीची करणी दिसते. सिंहाची गोष्ट घ्या. पंचतंत्रात ती सशाची गोष्ट आहे. लहानपणी आपण टाळ्या वाजवल्या त्या सशाच्या हुशारीला. कबीराने ससा काढून टाकला. सिंहाला विहिरीपाशी आणणारा कोणी उरला नाही, फसवणारा कोणी नाही, फक्त सिंह आणि पाणी. मग ध्यानात येतं की ससा एकटाच गेलेला नाही. कुत्र्याला महालात कोंडणारा दिसत नाही. हत्तीवर माहूत नाही. माकड दारोदार फिरतं त्याअर्थी दोरी कोणाच्या तरी हातात असणार, पण तो मदारी ओळीबाहेरच राहतो. आणि राघूच्या प्रसंगातला पारधी गायब आहे. पाच वेळा शत्रूची जागा रिकामी ठेवलेली आहे. त्यामुळे शेवटी 'तुला धरलं कोणी?' असं विचारलं जातं तेव्हा बोट दाखवायला कोणी शिल्लकच नसतं. प्रश्नाची तयारी कवी पहिल्या ओळीपासून करत होता.

प्राण्यांचा क्रमही सहज पडलेला नाही. पहिले तिघे स्वतःच्या प्रतिमेशी भांडतात. त्यांचं बंधन द्वेषाचं. माकडाचं लोभाचं. राघूचं भयाचं. आवाजाच्या अंगाने पाहिलं तर आणखी काही हाती लागतं. कुत्र्याचं भुंकणं काचांवर आदळत राहतं. सिंहाची एक झेप आणि पाण्याचा एक आवाज. हत्तीची धडक. माकडाची वणवण. राघूपाशी येईतो सगळं शांत झालेलं असतं. तो नुसता लोंबकळतो आहे, निश्चल, नळीला बिलगून. दुरून पाहणाऱ्याला वाटावं, समाधी लागली. पाचांतला सगळ्यात शांत प्राणी हाच, आणि प्रश्न त्यालाच विचारला आहे. कोलाहल थांबला म्हणजे शांती आली असं समजणाऱ्या आपल्यासारख्यांना कबीराने या शेवटच्या प्राण्यात नेमकं गाठलं आहे.

पारख सिद्धांताचं बळ इथे कळतं. या मताप्रमाणे जड तत्त्वं वेगळी आणि जाणणारा जीव वेगळा. जग घडवणारा तिसरा कर्ता कोणी नाही. माया दोन प्रकारची. मोटी माया म्हणजे घर, पैसा, देह, नाती. ती दिसते, तिच्यावर प्रवचनं होतात. झीनी माया तलम असते: शब्दांनी उभ्या केलेल्या कल्पना, पोथ्यांतली आश्वासनं, साधनेत आलेले अनुभव. मोटी सुटते, झीनी सुटत नाही, कारण ती सोडणाऱ्यालाच गोड लागते. तिच्या सगळ्यात सूक्ष्म पदराला ही परंपरा 'झाँई' म्हणते, म्हणजे प्रतिबिंबाची झाक. ध्यानात आनंद दाटला आणि साधक म्हणाला, हेच ब्रह्म, हाच परमात्मा, मी यात विरलो. तर पारखी म्हणतो, विहिरीतला सिंह पाहिलास. तुझंच तेज, समोर ठेवून त्यालाच दुसरा मानलंस. सिंहाने त्याच्यावर झेप घेतली, तू त्याला नमस्कार केलास.

हे वाचून पहिल्यांदा मन खट्टू होतं. मग राहतं तरी काय? बऱ्हाणपूर जरीचं गाव आहे, म्हणून उत्तर जरीतच सापडतं. जुन्या शालूचा पदर विकायला नेला की घेणारा नक्षीकडे पाहत नाही. तो जर जाळून पाहतो. रेशीम जळून जातं, आणि जर खरी असेल तर चांदी मागे उरते. चांदी आगीने निर्माण केलेली नसते, ती धाग्यातच होती. पारखेतली शांती मला तशी वाटते. ती मिळवायची नसते. जे जे 'मी' म्हणून मिरवत होतं ते एकेक तपासून बाजूला ठेवलं की तपासणारा उरतो. त्याला स्वतःला तपासता येत नाही आणि टाकताही येत नाही. राग आला, त्याला जाणलं. भय आलं, त्याला जाणलं. समाधान आलं, त्यालाही जाणलं आणि जाऊ दिलं. या शेवटच्या कृतीला फार मोठं धैर्य लागतं, आणि नागझिरीच्या परंपरेने त्यात कुठेही सूट दिलेली नाही, याबद्दल माझ्या मनात तिचा आदर आहे.

आता ज्ञानदेवांचा राघू. कबीराच्या आधी सुमारे दोनशे वर्षं, शके 1212 मध्ये, नेवाशाला. गीता सांगते की माणूस आपणच आपला बंधू आणि आपणच आपला वैरी, त्या जागी हा दृष्टांत येतो. कबीर राघूला जेमतेम एक ओळ देतो. ज्ञानदेव त्याच्याजवळ बसतात. नळी कशी फिरली, त्याने मान उगाच कशी वळवली, छाती कशी आखडली, मोकळा पंजा अधिकच कसा गुंतवला, हे ते एकेक करून दाखवतात, आणि मग तेही विचारतात की याला दुसऱ्या कोणी बांधलं का. पुढे तर ते म्हणतात की अर्धा तोडून नेला तरी तो नळी सोडायचा नाही. प्रश्न तोच, पण कबीराचा प्रश्न कानाखाली बसतो आणि ज्ञानदेवांचा पाठीवर हात ठेवतो. बऱ्हाणपूरहून तापी खाली वाहत जाते आणि पूर्णा तिला मिळते, तिथे चांगदेवाचं देऊळ आहे. त्याच चांगदेवाच्या कोऱ्या पत्राला ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचं उत्तर पाठवलं, आणि त्यात पाहणारा, दिसणारं आणि पाहणं या तिघांना एकाच खेळात मिसळून टाकलं. आरसा तिथेही आहे. पारखी आरशापासून बाजूला व्हायला सांगतो. ज्ञानदेव म्हणतात, आरसा असो वा नसो, मुख मुखापाशीच आहे. दोन्ही मतं एक नाहीत, आणि ती ओढूनताणून एक करू नयेत. माझा जीव ज्ञानदेवांपाशी रमतो. पण मी कुठे स्वतःला फसवतो आहे हे पाहायचं असेल, तर मला बऱ्हाणपूरच्या पारख्याकडेच जावं लागतं.

एक शंका मला बरेच दिवस छळत होती. 'तुला कोणी धरलेलं नाही' हे वाक्य ज्याला खरोखर धरलेलं आहे त्याला ऐकवणं क्रूर नाही का? मागावर बारा तास उभ्या असलेल्या माणसाला, जन्माने पायरी ठरवून दिलेल्या माणसाला? बीजक पुन्हा उघडलं तेव्हा ती शंका निवळली. ज्याने हे पद रचलं त्यानेच त्या ग्रंथात पंडिताला आणि काझीला नाव घेऊन जाब विचारला आहे, जन्माच्या उच्चनीचतेवर घाव घातले आहेत. बाहेरचा पारधी त्याला पक्का ठाऊक होता. तो स्वतः विणकर होता. या एका पदातून पारधी वगळला तो दुसऱ्या मुठीकडे नजर जावी म्हणून, जी मूठ कोणताही पारधी आपल्याकरता उघडू शकत नाही.

छापील पानावर हे पद प्रश्नावर तुटतं. राघूला विचारलं, आणि खाली कोरी जागा. वर्षानुवर्षं मी ते असंच वाचलं आणि तो न मिळालेला जवाब मला अस्वस्थ करत राहिला. पण पद वाचण्यासाठी नसतं, गाण्यासाठी असतं; आणि गाणारा शेवटची ओळ संपवून थांबत नाही, तो पुन्हा टेकेवर येतो. 'तुला धरलं कोणी?' असं विचारून झालं, झांजा क्षणभर थबकल्या, आणि सगळ्यांच्या तोंडून परत पहिली ओळ उठली: अपनपौ.