‘मांसाहार’ : कोसंबींच्या एका प्रकरणाचे पुनर्वाचन

धर्मानंद कोसंबी यांच्या ‘भगवान बुद्ध’ (१९४०–४१) या ग्रंथाचे नाव निघाले की सुशिक्षित मराठी वाचकाला हटकून एकच प्रकरण आठवते, आणि ते म्हणजे ‘मांसाहार’. बुद्धांची दिनचर्या, संघाची घडण, आत्मवादाची चिकित्सा हे सारे मागे पडून चुंद लोहाराच्या घरच्या जेवणात काय वाढले होते, एवढाच प्रश्न उरतो. या प्रकरणावरून जैन समाजात मोठा क्षोभ झाला. बौद्ध धर्माविषयी आदर असणाऱ्या पुष्कळांनाही ते रुचले नाही. ज्यांना ते आवडले, त्यांतील बऱ्याच जणांना त्यात आपल्या ताटाचे समर्थन सापडले म्हणून ते आवडले, हेही सांगितले पाहिजे. तिन्ही पक्षांचे लक्ष खाणाऱ्याकडे होते. जो खाल्ला गेला, त्याची बाजू या वादात कोणी घेतली नाही. आणि प्रस्तुत लेखकाच्या मते याचा थोडा दोष खुद्द प्रकरणाच्या रचनेकडेही जातो.

दोष दाखविण्यापूर्वी गुण मान्य करणे उचित होय. सांखवाळसारख्या गोमंतकातील खेड्यात १८७६ साली जन्मलेला हा मनुष्य बुद्धाच्या शोधार्थ १८९९ मध्ये घर सोडतो, सिंहलद्वीपात जाऊन भिक्षू होतो, आणि पुढे कलकत्त्याची नोकरी सोडून सयाजीराव महाराजांच्या दरमहा ५० रुपयांवर महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करणे पसंत करतो. अशा माणसाला कोणाच्या भावना दुखविण्याची हौस असेल, हे संभवत नाही. जैनांविषयी आकस म्हणावा, तर १९४७ च्या जून महिन्यात सेवाग्राम येथे त्यांनी देह ठेवला तो अन्नत्यागाच्या मार्गाने, आणि त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेला ग्रंथ होता ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ (१९४९). ज्या परंपरेच्या सूत्रांतून त्यांनी मांसाहाराचे पुरावे काढले, त्याच परंपरेची अखेर त्यांनी स्वतःसाठी निवडली. टीकाकारांनी ही गोष्ट लक्षात घेतली असती, तर वादाची भाषा पुष्कळच सौम्य झाली असती.

पुराव्याची त्यांची पद्धतही सरळ आहे. ‘सूकरमद्दव’ या शब्दाचे अट्ठकथांत अनेक अर्थ दिलेले आहेत. कोणी कोवळे डुकराचे मांस म्हणतात, कोणी डुकरांनी तुडविलेले वेळूचे कोंब, कोणी अळंबे, तर कोणी एखादे रसायन. यांतील सोयीचा अर्थ उचलून मोकळे होणे सोपे होते. कोसंबी तसे करीत नाहीत. वैशालीच्या उग्ग गृहपतीने बुद्धांना सूकरमांस दिल्याचा उल्लेख अंगुत्तरनिकायात आहे, त्याच्या आधाराने ते मांसाच्या बाजूने झुकतात. जैन आगमांतील वादग्रस्त शब्दांचा अर्थ फळांचा गर व बिया असा घ्यावा, असे जैन पंडितांचे म्हणणे आहे. अर्धमागधीत गती नसलेल्या माझ्यासारख्याने तेथे न्यायाधीश होऊ नये. मात्र शब्दार्थाचा निकाल कोणत्याही बाजूने लागला, तरी मला विचारावयाचा प्रश्न जागच्या जागीच राहतो.

तो प्रश्न चुंदाच्या कथेतच आहे. ते अन्न घेतल्यावर बुद्धांना असह्य वेदना सुरू झाल्या. मृत्यू समीप आलेला असतानाही त्यांना काळजी वाटली ती चुंदाची. ‘माझ्या अन्नाने तथागताचे प्राण गेले’ असा पश्चात्ताप त्याला होऊ नये, म्हणून त्यांनी आनंदाकरवी त्याचे समाधान करविले. मृत्युशय्येवरून यजमानाच्या मनाची इतकी जपणूक करणारे उदाहरण जागतिक वाङ्मयात विरळाच. पण ‘सूकरमद्दव’ म्हणजे मांस असे मानले, तर त्या कथेत आणखी एक मृत्यू आहे, आणि त्याविषयी एक अक्षरही नाही. कथाकाराला दोष देण्यात अर्थ नाही. आधुनिक ग्रंथकाराने तरी तेथे क्षणभर थांबावयास हवे होते, असे वाटून जाते.

ही अपेक्षा अवाजवी नव्हे, कारण थोड्याच पानांपूर्वी, ‘यज्ञयाग’ या प्रकरणात, कोसंबी थांबलेले आहेत. पसेनदी राजाच्या महायज्ञासाठी पाचशे बैल, पाचशे गोऱ्हे, पाचशे कालवडी, तितक्याच शेळ्या व मेंढे यूपांना बांधले आहेत. आणि राजाचे दास व नोकर शिक्षेच्या भयाने रडत रडत कामे करीत आहेत, हे संयुत्तनिकायातील चित्र तेथे येते. या चित्रात पशू आणि त्याला ओढून आणणारा मनुष्य हे दोघेही दिसतात, आणि दोघांचे दुःख एकाच बळजबरीतून आलेले आहे हेही दिसते. त्याच्या उलट कूटदन्तसुत्तातील आदर्श यज्ञ : त्यात गाईबैल मारले जात नाहीत, झाडे तोडली जात नाहीत, आणि नोकरांपैकी ज्याला काम करावयाचे असेल त्याने करावे. हे प्रकरण वाचून ‘मांसाहार’ उघडले की एकदम ग्रंथालयात आल्यासारखे वाटते. यूप गेले, आसवे गेली. उरली ती अवतरणे. यज्ञातील हिंसा ग्रंथकाराला दृश्य स्वरूपात भिडते, स्वयंपाकघरातील हिंसा मात्र केवळ ऐतिहासिक पुराव्याच्या रूपात, आणि हा फरक त्याच्या एकट्याचा नाही. आपण सगळे तसेच आहो. वेदीवरच्या रक्ताने आपल्याला जी शिसारी येते, ती पातेल्यातल्या रश्श्याने येत नाही.

बौद्ध संघाने स्वतःपुरता या प्रश्नाचा निकाल ‘त्रिकोटीपरिशुद्ध’ मांसाच्या नियमाने लावला. आपल्यासाठी मारल्याचे जे पाहिले नाही, ऐकले नाही, आणि ज्याविषयी तशी शंकाही नाही, ते भिक्षूला चालते. विनयपिटकात या नियमाची जी कथा आहे ती बोलकी आहे. वैशालीचा सिंह सेनापती जैनांचा उपासक होता, तो बुद्धांकडे आला. जेवणाच्या दिवशी त्याने माणूस पाठविला तो बाजारात तयार मांस आहे का हे पाहावयास. तेवढ्यात शहरभर ओरड झाली की, सिंहाने श्रमण गौतमासाठी मोठे जनावर मारले. सिंहाचा बचाव असा की, मी मारले नाही, मी विकत आणविले. म्हणजे बाजार हा पापापासूनचा आडोसा आहे, ही कल्पना आपल्याकडे निदान इतकी जुनी आहे.

तथापि हा नियम ज्या जीवकसुत्तात सांगितला आहे, त्याचा उत्तरार्ध वादाच्या धांदलीत सहसा मागे राहतो. तथागतासाठी पशू मारणारा पाच प्रकारे अपुण्य जोडतो, असे तेथे म्हटले आहे. ‘जा, अमुक पशू आण’ ही आज्ञा हे पहिले अपुण्य. गळ्याला दोर बांधून ओढीत आणताना त्या पशूला होणारे दुःख हे दुसरे. मारण्याची आज्ञा तिसरे. मरताना होणारी वेदना चौथे. आणि अयोग्य अन्न वाढणे हे पाचवे. यांतील दुसऱ्या कलमाकडे मी शिक्षकबंधूंचे लक्ष वेधू इच्छितो. मरणाचा हिशेब वेगळा, ओढून आणण्याचा वेगळा. मारण्यापूर्वीच्या वागणुकीला स्वतंत्र नैतिक वजन आहे, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारे जुने वाक्य मला दुसरे माहीत नाही. पहिला अर्धा भाग खाणाऱ्याला मोकळा करतो, दुसरा पशूची बाजू मांडतो. आणि प्रसिद्धी मात्र पहिल्यालाच मिळाली.

आणखी एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. त्रिकोटीच्या कसोटीने सर्वांत शुद्ध मांस कोणते, असे विचारले तर उत्तर द्यावे लागेल : आपोआप मेलेल्या जनावराचे. त्यात कोणी कोणाचा जीव घेतलेला नसतो. पण आपल्या समाजाने नेमके तेच खाणाऱ्याला गावकुसाबाहेर ठेवले, आणि मेलेले ढोर ओढण्याचे कामही त्याच्याच माथी मारले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ च्या मार्चमध्ये महाड येथे मृतमांस सोडण्याचे आवाहन केले ते या अपमानाच्या मुळावर घाव घालण्यासाठी. पुढे ‘द अनटचेबल्स’ (१९४८) या ग्रंथात त्यांनी या प्रश्नाची ऐतिहासिक मीमांसाही केली. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) वाचणाऱ्याला हे निराळे सांगावयास नको. आपले मांसविषयक नीतिशास्त्र पशूच्या दुःखावर उभे असते, तर उच्चनीचतेचा क्रम असा लागलाच नसता. पशूची कणव पुढे करून माणसाची पायरी ठरविण्याचा उद्योग आजही संपलेला नाही. त्याने पशूचे दुःख कमी होत नाही आणि माणसाचे मात्र वाढते.

मग पशूकडे प्रत्यक्ष पाहणारे कोणी झालेच नाही काय? झाले. अशोकाने पहिल्या शिलालेखात स्वतःच्या मुदपाकखान्याचा हिशेब दगडावर खोदविला : पूर्वी रोज लक्षावधी प्राणी मारले जात, आता दोन मोर आणि एक हरीण, आणि हरीणही नेहमी नाही. इतका प्रामाणिक हिशेब कोणत्या राजाने दिला आहे! राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर कोरविलेला पाचवा स्तंभलेख तर अधिक महत्त्वाचा. गाभण किंवा दुभत्या शेळ्या, मेंढ्या व डुकरिणी मारू नयेत. त्यांची सहा महिन्यांच्या आतील पिले मारू नयेत. कोंबड्यांना खच्ची करू नये. एका प्राण्याला दुसरा प्राणी खाऊ घालू नये. येथे मांसाहार सरसकट बंद केलेला नाही. तो चालू आहे हे गृहीत धरून, ज्याला खावयाचे त्याच्याशी कसे वागावे, एवढेच सांगितले आहे.

त्या सहा महिन्यांशेजारी आजचा आकडा ठेवून पाहावा. मांसासाठी वाढविलेली कोंबडी साधारण सहा आठवड्यांत कापली जाते. अंड्यांसाठी पोसलेल्या कोंबडीचे आयुष्य तारेच्या पिंजऱ्यात जाते, आणि तिच्या वाट्याला लिहिण्याच्या एका कागदाएवढीही जागा येत नाही. अंड्यांच्या जातीतील नर पिले जन्मतःच निरुपयोगी ठरवून मारली जातात. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा खाण्यासाठी मारण्याला सूट देतो, मात्र अनावश्यक वेदना होता कामा नयेत अशी अट घालतो. विधी आयोगाने २०१७ च्या आपल्या २६९ व्या अहवालात अशा पिंजऱ्यांविरुद्ध शिफारस केली. ही माहिती आता गुप्त राहिलेली नाही. सिंह सेनापतीचा बाजार दोन गल्ल्यांपलीकडे होता. आमचा बाजार इतका दूर गेला आहे की, मारणे आम्ही पाहत नाही आणि ऐकतही नाही. पहिल्या दोन कोटी विनासायास शुद्ध होतात. तिसरीचे काय? शंका नाही असे म्हणावयाचे, तर जे छापून आले आहे ते न वाचल्याचे सोंग आणावे लागेल. शिवाय ‘माझ्यासाठी मारले नाही’ हे भिक्षेवर जगणाऱ्या श्रमणाला शोभून दिसे. पैसे मोजून अर्धा किलो मागणाऱ्याच्या तोंडी ते शोभत नाही. दूध-अंड्यांवर राहणाऱ्यालाही या हिशेबातून सहज सुटता येत नाही, हे आपल्यातील शाकाहारी सदस्य मोकळ्या मनाने मान्य करतील अशी आशा आहे.

वरच्या वर्गातील एखादा विद्यार्थी ‘बुद्ध मांस खात होते काय?’ असे विचारतो, तेव्हा शिक्षक बहुधा विषय बदलतो. तसे करू नये. कोसंबींचा पुरावा जसाच्या तसा पुढे ठेवावा, जैन पंडितांचा आक्षेपही सांगावा. फक्त ‘मांसाहार’ प्रकरण एकटे वाचू नये. आधी ‘यज्ञयाग’ वाचावे, आणि जीवकसुत्त वाचावयाचे तर गळ्यातल्या दोरापर्यंत वाचावे.